नेमका आकडा

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा जे कारखाने आजही तग धरून आहेत, त्यांच्याकडून आमच्या महाप्याच्या प्रयोगशाळेत नाना तऱ्हेचे नमुने येतात. कोणी रंगात घालायचे ॲक्रिलिक इमल्शन पाठवतो, कोणी औषधाच्या गोळ्या बांधण्यासाठी लागणारे पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ), कोणी सांडपाण्यातला गाळ खाली बसवणारी पांढरी पूड, तर कोणी चांदीच्या नॅनोकणांचे पिवळसर पाणी. नमुने इतके वेगवेगळे असले तरी सोबतचा अर्ज मात्र ठरलेला असतो. ‘कोणती तपासणी हवी’ या रकान्यात ‘पार्टिकल साइज’ किंवा ‘मॉलिक्युलर वेट’ एवढेच लिहिलेले असते आणि वरच्या कोपऱ्यात ‘अर्जंट’ असा शेरा असतो. अपेक्षा असते ती एका आकड्याची, कारण पुढे तो आकडा ज्या कागदावर चढायचा असतो, त्या कागदावर जागाही एकाच आकड्यापुरती ठेवलेली असते.

एक आकडा देण्यात आम्हाला अडचण कधीच नसते. यंत्र तो काही मिनिटांत पडद्यावर दाखवते आणि दशांश चिन्हापुढचे दोन अंकही सोबत दाखवते. माझे म्हणणे इतकेच असते की, द्रावणातल्या पॉलिमरचा रेणुभार (मॉलिक्युलर वेट) किंवा कणाचा व्यास सांगणारा प्रत्येक आकडा त्या पदार्थाचा जितका असतो, तितकाच तो मोजण्याच्या पद्धतीचा आणि सरासरी काढण्याच्या रीतीचाही असतो. पद्धतीचे नाव गाळून नुसता आकडा वाचला, तर अहवाल अर्धाच वाचल्यासारखे होते. फोनवर हे सांगू लागले की समोरच्याला आपली टोलवाटोलवी चालली आहे असे वाटते, म्हणून ते एकदा सविस्तर लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते.

साखरेचा रेणू घेतला तर त्याचा भार ३४२, मग ती साखर कोल्हापूरची असो की ब्राझीलची. पॉलिमरचे तसे नसते. ज्याचे थर्माकोल बनते त्या पॉलिस्टायरिनची एक लांबलचक साखळी घेऊ. तिचा रेणुभार १० लाख असेल, तर तिच्यात स्टायरिनचे सुमारे ९,६०० दुवे असतात आणि ती सरळ ताणून धरता आली, तर तिची लांबी जवळपास अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरेल. पण द्रावणात तिला ताणून धरणारे कोणी नसते. ती स्वतःभोवतीच वेटोळी होते आणि सायक्लोहेक्झेनसारख्या तिला फारशा न मानवणाऱ्या द्रावकात, ३४ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाला, या वेटोळ्याची परिभ्रमण त्रिज्या, म्हणजे मध्यापासूनचा सरासरी पसारा, अवघी २८ नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) आसपास राहते. त्या वेटोळ्याने व्यापलेल्या जागेचा हिशेब केला, तर तिच्यात पॉलिमर जेमतेम दोन टक्के असते आणि बाकी सगळा द्रावकच असतो. हीच साखळी टोल्यूइनसारख्या चांगल्या द्रावकात टाकली की ती आणखी पसरते आणि त्रिज्या ४५ नॅनोमीटरच्या घरात जाते. रेणू तोच, भार तोच, एकही रासायनिक बंध तुटलेला नाही, तरी ‘हा केवढा’ या प्रश्नाचे उत्तर द्रावकाने बदललेले असते. (सायक्लोहेक्झेनचे हे विशिष्ट तापमान पाठ्यपुस्तकात थीटा तापमान म्हणून येते. एप्रिलच्या दुपारी आमच्याकडची वीज गेली आणि एसी बंद पडला की सबंध प्रयोगशाळाच त्या तापमानाला येऊन बसते. पॉल फ्लोरी यांना १९७४ मध्ये ज्या कामासाठी नोबेल मिळाले, त्यातला हा एक महत्त्वाचा भाग नवी मुंबईत अशा रीतीने फुकट पाहायला मिळतो.)

इतके मोठे रेणू असतात यावरच मुळात रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. रबर, सेल्युलोज यांसारखे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे सैलसर जमाव आहेत आणि द्रावणात ते कलिलासारखे, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांसारखे, वागतात एवढेच, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्रास मानले जात असे. हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये याच्या उलट मत मांडले आणि पुढची कित्येक वर्षे त्यांना ते लढवावे लागले. नोबेल मिळाले ते थेट १९५३ मध्ये. या लढाईतले त्यांचे एक मुख्य हत्यार म्हणजे द्रावणाची श्यानता, म्हणजेच दाटपणा. साखळी जितकी लांब तितके द्रावण दाट, असे त्यांचे साधे समीकरण होते. साखळ्या काठीसारख्या ताठ असतात हे त्यांचे गृहीतक मात्र टिकले नाही. १९३४ मध्ये वेर्नर कून यांनी त्या वेटोळ्या असतात हे दाखवले आणि मार्क व हाउविंक यांच्या सूत्राने रेणुभाराच्या डोक्यावर एक घातांक बसवला. थीटा द्रावकात हा घातांक ०.५ असतो आणि चांगल्या द्रावकात ०.७ ते ०.८ पर्यंत जातो. म्हणजे दाटपणावरून रेणुभार काढायचा असेल, तर साखळी द्रावकात किती मोकळी झाली आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

द्रावणातल्या रेणूचा आकार श्यानतेवरून काढण्याची कल्पना श्टाउडिंगर यांच्याही आधीची आहे आणि ती चक्क साखरेच्या पाण्यातून आलेली आहे. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये झुरिक विद्यापीठाला सादर केलेला डॉक्टरेटचा प्रबंध सापेक्षतेवर नव्हता. साखर विरघळल्यावर पाणी किती दाट होते आणि साखर त्यात किती वेगाने पसरते, या दोन मोजमापांवरून रेणूची त्रिज्या आणि ॲव्होगाड्रो अंक कसा काढावा, हा त्याचा विषय होता. पाण्यात गोल कण मिसळले, तर कणांनी व्यापलेल्या आकारमानाच्या प्रमाणात श्यानता वाढते, हे त्यांचे सूत्र बरोबर होते. पण त्यातल्या गुणकाची किंमत त्यांनी १ काढली होती. पुढे पॅरिसमध्ये झाँ पेरँ यांच्या प्रयोगशाळेत बाँस्लँ यांनी कणांची द्रावणे मोजली, तेव्हा वाढ सूत्रापेक्षा पुष्कळच जास्त निघाली. आइन्स्टाइन यांनी लुडविग होप्फ या तरुण सहकाऱ्याला गणित तपासायला सांगितले, चूक सापडली आणि १९११ मध्ये गुणक २.५ असा दुरुस्त झाला. आजही रंगाच्या, शाईच्या किंवा औषधी मिश्रणाच्या दाटपणाचा विचार त्या २.५ पासून सुरू होतो. साक्षात आइन्स्टाइन यांचा आकडा पाण्यातल्या कणांनी खोडून काढला, हे मी प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना आवर्जून सांगते, कारण यंत्राच्या पडद्यावर उमटलेल्या आकड्यापुढे मान तुकवण्याची सवय त्यांना फार लवकर लागते.

श्यानता मोजण्याचे आमचे साधन आजही काचेचेच आहे. उब्बेलोडे व्हिस्कोमीटर म्हणजे तीन नळ्यांची एक नाजूक रचना. तिच्यातल्या एका नळीला वर काचेचा छोटा फुगा, फुग्याच्या वर-खाली कोरलेल्या दोन रेघा आणि त्याखाली केसासारखी बारीक केशनळी. ती पाण्याच्या पेटीत, २५ अंशांवर, अंशाच्या काही शतांशांहून जास्त फरक होणार नाही अशा बेताने उभी करायची, द्रावण फुग्यापर्यंत ओढायचे, सोडायचे आणि द्रवाची कड वरच्या रेघेवरून सुटून खालच्या रेघेवर येईपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचने घ्यायचा. आधी नुसता द्रावक, मग चार-पाच वेगवेगळ्या संहतींची, म्हणजे पॉलिमरच्या कमी-जास्त प्रमाणाची, द्रावणे. साखळ्या एकमेकींना अडखळत असतील तर एकट्या साखळीविषयी काही कळत नाही, म्हणून संहती कमी करत करत, द्रावकापेक्षा वाढलेल्या वेळेच्या प्रमाणाला संहतीने भागायचे आणि हा भागाकार शून्य संहतीला किती आला असता हे आलेखावर रेघ वाढवून काढायचे. नळीत तेलकटपणाचा अंश राहिला असेल तर कड काचेवर रेंगाळते, हे डोळ्यांना दिसते. हे काम येते की नाही यावरून मी नव्या माणसाची पारख करते; बटण दाबून आकडा मिळवणाऱ्या यंत्रावर ती होत नाही.

याच मापाचे एक व्यापारी रूप बाजारात सगळ्यांच्या तोंडी आहे आणि त्याचा उगम बहुतेकांना माहीत नसतो. पीव्हीसीचे पाइप बनवणारा माणूस दुकानदाराकडे ‘के सदुसष्ट’ मागतो, तो के म्हणजे फिकेन्चर यांनी १९३२ च्या सुमारास श्यानतेवरून बसवलेला अंक. जखमेवर लावायच्या तपकिरी आयोडीनच्या औषधात जे पॉलिमर आयोडीनला धरून ठेवते, त्या पीव्हीपीच्या पोत्यांवर ‘के ३०’ किंवा ‘के ९०’ असे छापलेले असते, तोही हाच. त्यात रेणुभार कुठेच लिहिलेला नसतो. द्रावण किती दाट होते एवढेच सांगितलेले असते. मला हा अंक आवडतो, कारण आपण कशावरून आलो हे तो लपवत नाही.

खरा घोळ सुरू होतो तो सरासरीपाशी. समजा, एका द्रावणात दहा हजार रेणुभाराच्या दहा साखळ्या आहेत आणि दहा लाख रेणुभाराची एकच साखळी आहे. साखळ्या मोजून सरासरी काढली, तर एकूण अकरा लाखांना अकराने भागायचे, म्हणजे उत्तर एक लाख. गंमत अशी की, एक लाख रेणुभाराची साखळी त्या द्रावणात एकही नाही. आता प्रत्येक साखळीला तिच्या वजनाच्या प्रमाणात महत्त्व देऊन सरासरी काढली, तर उत्तर येते सुमारे नऊ लाख दहा हजार. पहिली संख्या-सरासरी, दुसरी भार-सरासरी. दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्हींत नऊ पटींचा फरक आहे. परासरण दाब मोजणारे यंत्र रेणू मोजते, त्यामुळे ते पहिल्या सरासरीकडे जाते. प्रकाशाचे प्रकीर्णन, म्हणजे विखुरणे, मोजणारे यंत्र मोठ्या साखळीने दिपून जाते, त्यामुळे ते दुसरीकडे जाते. श्यानता या दोघींच्या मध्ये, पण दुसरीच्या जवळ राहते. ग्राहकाच्या कागदावर नुसते ‘मॉलिक्युलर वेट’ लिहिलेले असते, तेव्हा यांतली कोणती सरासरी त्याच्या मनात आहे हे तोही सांगू शकत नाही. प्लास्टिकच्या पिशवीचा चिवटपणा मुख्यतः लांब साखळ्यांवर ठरतो आणि ठिसूळपणा आखूड साखळ्यांमुळे येतो. तेव्हा कोणती सरासरी कामाची, हे वस्तूचा उपयोग काय यावर अवलंबून असते.

सरासरीच्या पलीकडे जाऊन सबंध वाटणी पाहायची असेल, तर जीपीसी (जेल पर्मिएशन क्रोमॅटोग्राफी) हे यंत्र लागते. १९६४ मध्ये डाऊ कंपनीतल्या मूर यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि अजून तिला तोड नाही. सच्छिद्र मण्यांनी ठासून भरलेल्या पोलादी नळीतून द्रावण सोडले की लहान साखळ्या प्रत्येक छिद्रात शिरत, थांबत येतात आणि मोठ्या साखळ्यांना छिद्रांत जागाच नसल्याने त्या आधी बाहेर पडतात. ठाण्याहून सुटलेली फास्ट लोकल मधली स्थानके सोडून दादरला आधी पोचते, तसेच हे. पण वेळेवरून रेणुभार सांगायचा तर आधी माहीत असलेल्या रेणुभाराच्या साखळ्या सोडून वेळापत्रक बसवावे लागते, आणि ते जवळजवळ सगळीकडे पॉलिस्टायरिनवरच बसवलेले असते. त्यामुळे ॲक्रिलिकचा नमुना टाकला, तर उत्तर मिळते ते ‘इतक्या आकाराचे पॉलिस्टायरिन असते तर त्याचा रेणुभार किती असता’ याचे. फांद्या फुटलेली साखळी तर त्याच भाराच्या सरळ साखळीहून आटोपशीर असते, म्हणून ती उशिरा बाहेर येते आणि यंत्र तिला हलकी ठरवते. बेन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये यावर तोडगा काढला: साखळ्या भारानुसार वेगळ्या होत नसून द्रावणात व्यापलेल्या आकारमानानुसार होतात, म्हणून श्यानता आणि रेणुभार यांच्या गुणाकारावर वेळापत्रक बसवावे. हा तोडगा उत्तम आहे आणि रोजच्या कामात तो क्वचितच वापरला जातो. अहवालाखाली बारीक अक्षरांत ‘पॉलिस्टायरिनच्या तुलनेत’ असे छापायचे, की काम झाले.

आमच्या हवेचाही या यंत्राला त्रास आहे. त्यात वापरतात ते टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) हे द्रावक हवेतली ओल पटकन ओढून घेते, आणि पावसाळ्यात खाडीकडून येणारी हवा किती ओली असते हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. अपवर्तनांक, म्हणजे द्रव प्रकाशाला किती वळवतो ते, पाहणारा शोधक तर इतका हळवा असतो की एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो, त्या तालावर आलेखाची पायारेघ संथपणे वर-खाली होत राहते. ज्या प्रयोगशाळेच्या आलेखावर अशी लाट दिसते, तिथल्या यंत्रावर एसीचा झोत थेट येतो आहे हे न विचारता ओळखता येते.

तुलनेची ही कुबडी नको असेल, तर प्रकाशाकडे जावे लागते. कलकत्त्यात असताना रामन यांनी १९२७ मध्ये कलिल द्रावणांतले प्रकीर्णन आणि परासरण दाब यांचा संबंध दाखवला होता. आपण त्यांना पुढच्या वर्षीच्या शोधासाठी ओळखतो, म्हणून हा लेख मागे पडला. १९४४ मध्ये डिबाय यांनी द्रावणाने विखुरलेल्या प्रकाशावरून थेट रेणुभार काढण्याची रीत दिली आणि १९४८ मध्ये झिम यांनी ती एका देखण्या आलेखात बसवली. जीपीसीच्या टोकाला असा प्रकाश-शोधक जोडला की पॉलिस्टायरिनच्या वेळापत्रकाची गरज उरत नाही. किंमत मात्र अशी असते की आमच्यासारख्यांनी ते यंत्र दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत जाऊन पाहावे.

नॅनोकणांच्या बाबतीत आकड्यांचे भांडण जास्त उघडपणे होते. रबाळ्याला इमल्शनचा छोटा कारखाना चालवणारे एक वयस्क उद्योजक आमचे जुने ग्राहक आहेत. एकदा ते दोन अहवाल घेऊन आले. आमच्या अहवालात कणांचा व्यास १३१ नॅनोमीटर होता आणि दुसरीकडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली करून आणलेल्या अहवालात ९६.

“मॅडम, माल एक, बाटली एक, आणि आकडे दोन. आता मी पार्टीला काय सांगू?”

“काका, दोन्ही बरोबर आहेत.”

“दोन्ही बरोबर म्हणजे माझे पैसे दोन्हीकडे गेले.”

मग त्यांनी काचपट्टी मागून घेतली, इमल्शनचा एक थेंब तिच्यावर ओढला आणि ती ट्यूबलाइटसमोर तिरकी धरली. पातळ झालेल्या कडेला दुधी रंगात निळसर झाक होती. “हे बघा, निळं मारतंय. म्हणजे बारीक आहे. शंभर-सव्वाशेच्या वर गेलं की पांढरंफट्ट दिसतं. मी चाळीस वर्षं असंच बघतोय.” त्यांची ही चाचणी शंभर टक्के शास्त्रीय आहे. तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, कण मोठे होत गेले की सगळेच रंग सारखे विखुरले जातात आणि द्रव पांढरा दिसतो. १३१ हा आमचा आकडाही विखुरलेल्या प्रकाशातूनच आलेला होता, फक्त वेगळ्या वाटेने.

ती वाट अशी. शंभर नॅनोमीटर व्यासाचा कण २५ अंशांच्या पाण्यात स्वस्थ बसत नाही; पाण्याच्या रेणूंचे धक्के खात तो एका सेकंदात कोणत्याही एका दिशेने सरासरी तीन मायक्रॉन, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या तीसपट, भरकटतो. लहान कण जास्त भरकटतो, मोठा कमी. द्रावणावर लेसर टाकला की कणांच्या या भटकंतीमुळे विखुरलेला प्रकाश लुकलुकतो, आणि ही लुकलुक किती वेगाने बदलते यावरून, स्टोक्स आणि आइन्स्टाइन यांच्या सूत्राने, व्यास निघतो. म्हणजे आम्ही कण पाहिलेलाच नसतो. त्याची चाल पाहिलेली असते. आणि तो चालतो ते पृष्ठभागाला चिकटलेला साबण, पॉलिमरचे केस आणि त्यांत अडकलेले पाणी या सगळ्यांसकट. सूक्ष्मदर्शकाखाली हेच कण निर्वातात सुकवलेले असतात, त्यामुळे हा सगळा पेहराव तिथे आक्रसलेला असतो. त्याहून मोठे कारण म्हणजे विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. शंभर नॅनोमीटरचा एक कण दहा नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश फेकतो. सूक्ष्मदर्शकापुढे बसलेला माणूस कण एकेक करून मोजतो आणि प्रत्येकाला सारखे मत देतो. आमच्या यंत्रात थोडेसे मोठे कण असले तरी सगळी चर्चा त्यांचीच होते. काकांच्या मालात बारीक कणांसोबत थोडे मोठे कणही होते, आणि दोन अहवालांतले अंतर हीच खरे तर त्यांच्यासाठी उपयोगाची माहिती होती.

या सहाव्या घातामुळे आमचे निम्मे आयुष्य धूळ टाळण्यात जाते. क्युव्हेट, म्हणजे एक सेंटिमीटर रुंदीची चौकोनी पारदर्शक कुपी, वरच्या कडेलाच धरायची, कारण प्रकाश जातो त्या भागाला बोटाचा ठसा चालत नाही. द्रावण सिरिंजच्या टोकाला बसवलेल्या गाळणीतून घ्यायचे आणि पहिले काही थेंब टाकून द्यायचे. नमुना फ्रिजमधून काढून तसाच यंत्रात ठेवला, तर इथल्या दमट हवेत कुपी बाहेरून घामेजते आणि आत, द्रव गरम होताना, भिंतीला बारीक बुडबुडे धरतात. यंत्र त्या बुडबुड्यांचाही व्यास इमानाने सांगते. तापमान एका अंशाने चुकले, तर पाण्याची श्यानता जवळपास दोन टक्क्यांनी चुकते आणि व्यासात तेवढीच चूक येते. पडद्यावरचे दशांशापुढचे दोन अंक मी अहवालात का छापत नाही, याचे उत्तर यातच आहे.

कण कोणत्या पाण्यात मोजला, हा प्रश्न तर विचारलाच जात नाही. सोन्याचे बारीक कण पाण्यात माणकासारखे लाल दिसतात. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये त्यांचा अभ्यास केला आणि १९०८ मध्ये गुस्ताव मी (Mie) यांनी रंगाचे गणित मांडले. गर्भधारणेच्या किंवा करोनाच्या घरगुती चाचणीतली लाल रेघ बहुधा याच सोन्याची असते. या लाल पाण्यात मिठाचे पाणी टाकले, तर काही क्षणांत ते जांभळे आणि मग निळसर होते, कारण कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार मिठाच्या आयनांनी झाकला जातो आणि कण एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात गोड्या पाण्यातून आलेली माती खाऱ्या पाण्याला भेटली की तिचे बारीक कण याच कारणाने गोळा होऊन बसतात, आणि ऐरोलीच्या पुलावरून दिसणाऱ्या खाडीतल्या चिखलाच्या पठारांना या क्रियेचा हातभार आहे. सांडपाणी प्रकल्पातले कामगार ज्याला नुसते ‘पॉली’ म्हणतात, त्या पॉलिॲक्रिलामाइडचा रेणुभार एक कोटीच्याही वर असू शकतो. इतकी लांब साखळी एका कणाला एका टोकाने आणि दुसऱ्याला दुसऱ्या टोकाने धरते आणि गाळ खाली बसतो. ती पूड जोरात ढवळून विरघळवली, तर साखळ्या तुटतात, पॉलीचा खर्च वाढतो आणि दोष पुरवठादाराला जातो. शुद्ध पाण्यात मोजलेला व्यास किंवा दाटपणा अशा ठिकाणी फारसा उपयोगाचा नसतो. शरीरात द्यायच्या औषधाच्या कणांनाही तेच लागू आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॉक्सिल या कर्करोगाच्या औषधातले सुमारे शंभर नॅनोमीटरचे कण रक्तात टिकावेत म्हणून त्यांच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या बसवल्या आहेत. तो कण रक्तद्रवात मोजला, तर तो पाण्यातल्यासारखा वागेलच असे नाही.

अलीकडे ‘नॅनो’ हा शब्द वेष्टनावर छापायची हौस वाढली आहे, आणि त्यासाठीचे प्रमाणपत्र आमच्याकडे मागितले जाते. युरोपीय आयोगाच्या व्याख्येनुसार पदार्थातले निम्मे किंवा त्याहून जास्त कण १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असावे लागतात, आणि हे निम्मे संख्येने मोजायचे असतात. म्हणजे वजनाने पाहिले तर ज्यातला जवळजवळ सगळा माल जाडाभरडा आहे, तो पदार्थही त्यातल्या असंख्य चिमुकल्या कणांमुळे नॅनो ठरू शकतो. प्रकाशावर चालणारे आमचे यंत्र तेच चिमुकले कण पाहायला सर्वांत कच्चे. त्याच्या एका आकड्यावर नॅनोचे प्रमाणपत्र द्यायला मी नकार देते, आणि तसे प्रमाणपत्र देणाऱ्या जागा शोधून काढणे ग्राहकाला फारसे कठीण जात नाही, हेही मला ठाऊक आहे.

काकांना पटले ते मी दाखवलेल्या एका कागदामुळे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने यंत्रे पडताळून पाहण्यासाठी सोन्याच्या कणांची संदर्भ द्रावणे तयार केली: नावापुरती १०, ३० आणि ६० नॅनोमीटरची. ती कुपी महाग असते, पण तिचा अहवाल कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. ‘३०’ च्या अहवालात व्यासासाठी एक आकडा नाही, तक्ताच आहे. अणुबल सूक्ष्मदर्शकाने साधारण २५, पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने साडेसत्तावीसच्या आसपास, लुकलुकत्या प्रकाशाने अठ्ठावीसच्या पुढे, क्ष-किरणांनी पुन्हा २५ च्या जवळ. प्रत्येकापुढे पद्धतीचे नाव आणि अनिश्चितता आहे, आणि तीस हा आकडा त्या तक्त्यात कुठेच नाही.

काकांनी चष्मा वर करून तो तक्ता दोनदा वाचला. त्यानंतरच्या प्रत्येक मालाला दोन्ही पद्धतींचे आकडे हवेत आणि कोणता कशाने काढला ते दोन्हींपुढे मराठीत लिहून हवे, असे त्यांनी तिथेच ठरवले. उठता उठता त्यांनी दाराशी थांबून विचारले, “पण मॅडम, बिल एकाच टेस्टचं लावाल ना?”